समाजी, शमुएल, सॅम्युएल: बेने इस्रायल इतिहासग्रंथांतून आपलं घराणं कसं शोधायचं

माझ्या पणजीच्या प्रार्थनेच्या पुस्तकात शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेली एक ओळ आहे: ‘शिळ्या सणाला बाबा गेले. ६५७.’ आमच्या घरात तीन पिढ्यांनी ही ओळ वाचली, पण शिळा सण कोणता आणि ६५७ म्हणजे काय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. उत्तर सापडलं ते हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्या, इतिहासात, सणांच्या प्रकरणात. त्या पुस्तकात माझ्या पणजीच्या वडिलांचं नाव नाही, आमच्या घराण्याचं तर मुळीच नाही. तरीही त्याच पुस्तकामुळे आम्हाला आमच्या माणसाच्या मृत्यूचा दिवस कळला.

नव्यानं वंशावळ शोधायला बसणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच सांगते. समाजाच्या इतिहासाची पुस्तकं उघडून थेट सूचीत आपलं आडनाव शोधू नका. बहुतेकांना ते तिथे मिळत नाही आणि मग पुस्तक मिटलं जातं. या पुस्तकांमधून गावं कळतात, नावांची रूपं कळतात, चालीरीती आणि काळ कळतो, आणि पुढे कुठलं दप्तर उघडायचं तेही कळतं. आपला माणूस मग त्या दप्तरात भेटतो.

हा लेख बेने इस्रायलांपुरता आहे, कारण मला तोच समाज आतून माहीत आहे. बगदादी आणि कोचिनी यहुद्यांची कागदपत्रं, नावं, ठेवण वेगळी आहे. मुंबईत हे तिन्ही समाज शेजारी राहिले, म्हणून त्यांची पुस्तकं एकमेकांत मिसळून वाचली जातात. सुरुवातीलाच ती वेगळी ठेवा.

आधी घर, मग ग्रंथालय

पुस्तकाला हात लावण्यापूर्वी एक वही घ्या आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा. ‘आपला इतिहास सांगा’ असं म्हणू नका, कारण मग नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही सगळ्यांना पाठ असलेली कथा सुरू होते. बारीक प्रश्न विचारा. आजीचं माहेर कुठलं? लग्न कुठल्या मशिदीत लागलं? आमच्यात सिनेगॉगला जुनी माणसं मशीदच म्हणतात, म्हणून हा शब्द ऐकून गोंधळू नका. एलियाहू हनबीचा (प्रेषित एलियाचा) मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्य, कुणाच्या नवसाचा होता? सुट्टीत कुठल्या गावी जायचात, आणि तिथे घर होतं की फक्त कबरस्तान?

घरातले कागद याच वेळी काढा. केतुबा, म्हणजे लग्नाचा करार, असेल तर ते सोनं समजा. त्यात वार, तिथी, गाव, नवऱ्याचं आणि नवरीचं नाव, दोघांच्या वडिलांची नावं आणि साक्षीदारांच्या सह्या असतात. साक्षीदार बहुधा नात्यातलेच, निदान गावातले. पुस्तकांत बायकांची नावं फार कमी येतात, म्हणून एखाद्या बाईच्या वडिलांचं नाव सांगणारा कागद घरात असेल तर आधी त्याचा नीट प्रकाशात फोटो काढून ठेवा. प्रार्थनेच्या पुस्तकांची कोरी पानं, मलपृष्ठाची आतली बाजू आणि जुन्या फोटोंची पाठ हेही तपासा. आमच्याकडची ओळ अशाच कोऱ्या पानावर होती.

आडनाव म्हणजे पत्ता

बेने इस्रायलांची बरीचशी आडनावं कोकणातल्या गावांवरून आली आहेत. किहीमचे केहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, चौलचे चेऊलकर, झिराडचे झिराडकर, थळचे थळकर, तळ्याचे तळकर, नवगावचे नवगावकर. शेकडो वर्षं ही माणसं या खेड्यांत विखुरलेली होती. ती घाण्यावर तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत.

यातून नवखा माणूस दोन चुका करतो.

पहिली चूक म्हणजे आडनाव एक, म्हणून घराणं एक असं धरणं. पेण सोडून मुंबईला आलेली दोन वेगळी कुटुंबं दोघंही पेणकर झाली असू शकतात. आडनाव सांगतं की माणूस कुठून आला. तो कुणाचा, हे ते सांगत नाही. गावाच्या नावाचीही खात्री करून घ्या. दिवे नावाची गावं महाराष्ट्रात एकाहून जास्त आहेत, त्यामुळे दिवेकर म्हटलं की लगेच दिवेआगर लिहून मोकळं होऊ नका. शिवाय दिवेकर, पेणकर, नागावकर ही आडनावं हिंदू घरांतही आहेत. सरकारी दप्तरात फक्त आडनावावर विसंबलात तर दुसऱ्याच समाजातलं अख्खं कुटुंब आपल्या झाडाला लागेल.

दुसरी चूक याच्या उलट आहे. आडनाव सापडलं नाही म्हणून माणूसच नाही असं मानणं. इंग्रजी शाळा, पलटण आणि सरकारी नोकरी आली तशी अनेकांनी ‘कर’ सोडलं आणि वडिलांचं नाव आडनाव म्हणून लावलं. कवी निसिम एझिकेल यांचं घराणं तळकरांचं. ‘बूट पॉलिश’मधले जॉन चाचा, म्हणजे नट डेव्हिड, हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. शिक्षणतज्ज्ञ रिबेका रूबेन या नवगावकर. एखादा माणूस पडद्यावर किंवा शाळेच्या दप्तरात एका नावानं आणि गावच्या उताऱ्यात दुसऱ्याच नावानं सापडला, तर त्यात नवल काहीच नाही.

एका माणसाची तीन नावं

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथे थोडं रेंगाळते.

अठराव्या शतकातला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला बेने इस्रायल पुरुष गावात मराठी वळणाच्या नावानं ओळखला जाई. शमुएलचा समाजी, इसहाकचा इसाजी, यहेज्केलचा हस्साजी, मोशेचा मुसाजी, एलियाहूचा एलोजी, रहमीमचा रहमाजी. मशिदीत तोराह या धर्मग्रंथासमोर त्याला हिब्रू नावानं बोलावत: अमुक बेन तमुक, म्हणजे अमक्याचा मुलगा. पुढे मिशनऱ्यांच्या शाळा, कोचिनहून आलेले धर्मशिक्षक आणि इंग्रज सरकारची नोकरी यांमुळे बायबलमधल्या नावांची इंग्रजी रूपं घराघरांत आली. समाजीच्या नातवाच्या पिढीत सॅम्युएल दिसू लागतो, आणि ‘जी’ हळूहळू गळून पडतो.

एक सर्वांना माहीत असलेलं उदाहरण घेऊ. मुंबईतलं बेने इस्रायलांचं पहिलं सिनेगॉग, शाआर हारहमीम, १७९६ मध्ये मांडवीत उभं राहिलं. जुनी माणसं त्याला जुनी मशीद म्हणतात. ते बांधणारा लष्करी अंमलदार इतिहासात दोन नावांनी भेटतो. मराठी परंपरेत तो समाजी हस्साजी दिवेकर, इंग्रजी पुस्तकांत सॅम्युएल एझिकेल दिवेकर. हिब्रूत तोच शमुएल बेन यहेज्केल. तिन्ही नावांत मधलं नाव बापाचं आहे. ज्याला हस्साजी म्हणजेच एझिकेल हे ठाऊक नाही, तो वंशावळीत एका माणसाचे दोन करून ठेवेल, आणि तेही वेगवेगळ्या बापांचे.

म्हणून वहीत प्रत्येक माणसासाठी तीन ओळी राखून ठेवा. पहिल्या ओळीत मराठी नाव, दुसरीत हिब्रू, तिसरीत इंग्रजी. जी ओळ सापडली नसेल ती रिकामी ठेवा. अंदाजानं भरू नका. समाजी दिसला की शमुएल लिहायचा मोह होतो, पण तुमच्या घरातल्या समाजीचं हिब्रू नाव केतुब्यावर किंवा कबरीच्या दगडावर वाचेपर्यंत थांबा.

इंग्रजी पुस्तकांतली स्पेलिंगं हा आणखी एक अडसर. झिराडकर ‘झेड’नं लिहिलेलं सापडेल आणि ‘जे-एच’नंही. शेवटचं ‘कर’ कुठे ए-आर, कुठे ई-आर, तर कुठे जुन्या पद्धतीनं सी-यू-आर असं येतं. चौलचं चेउल होतं, नवगावचं नौगाव. पुस्तकाच्या सूचीत किंवा स्कॅन प्रतीत शोध घेताना आपल्या आडनावाची निदान पाच स्पेलिंगं कागदावर लिहून समोर ठेवा. शक्य असेल तर मोठ्यानं उच्चार करून लिहा, कारण एखाद्या इंग्रज कारकुनानंही ते कानानंच लिहिलं होतं.

कुठलं पुस्तक आधी

माझा सल्ला असा की सुरुवात शर्ली बेरी आयझेनबर्ग यांच्या १९८८ च्या इंग्रजी ग्रंथानं करा. तो संदर्भासाठीच रचलेला आहे. सिनेगॉगं, चालीरीती, गावं, संस्था यांची माहिती जागच्या जागी मिळते, आणि नवख्याला समाजाचा नकाशा डोळ्यांसमोर उभा करता येतो.

त्यानंतर केहीमकर. हा आपला मूळ ग्रंथ, पण वाचण्यापूर्वी दोन तारखा पक्क्या लक्षात ठेवा. केहीमकरांनी हस्तलिखित १८९७ मध्ये पुरं केलं. ते छापलं गेलं १९३७ मध्ये, तेल अवीवला. मधली ४० वर्षं ते अप्रकाशित होतं. त्यामुळे पुस्तकात ‘सध्या अमुक ठिकाणी अमुक कुटुंबं राहतात’ असं आलं की ते ‘सध्या’ १८९७ चं धरायचं. मुखपृष्ठावरचं १९३७ पाहून मी एकदा एक अख्खी पिढी चुकीच्या दशकात टाकली होती.

केहीमकरांमध्ये काय मिळेल? खेड्यांतल्या वस्त्या, सण आणि त्यांची मराठी नावं, गावचे मुकादम आणि चौगुले, काजींची, म्हणजे समाजाची धर्मकार्यं चालवणाऱ्यांची, घराणी. परंपरेनुसार समाजाला धर्म शिकवणाऱ्या डेव्हिड रहाबींनी ज्या तीन घराण्यांतल्या माणसांना शिकवून काजी केलं ती झिराडकर, राजपूरकर आणि शहापूरकर. आंग्र्यांच्या आणि जंजिऱ्याच्या सिद्दीच्या चाकरीत असलेली माणसं मिळतील. मुंबई लष्करातले सुभेदार, जमादार मिळतील. घरात ‘आपले कुणीतरी पलटणीत होते’ असं सांगत असतील, तर हुद्दा आणि पलटणीचा क्रमांक जमेल तितका गोळा करूनच ही पानं वाचा.

आणि काय मिळणार नाही? घाण्यावर राबणारा साधा तेली. त्याची बायको. मुंबईत सुतारकाम किंवा गवंडीकाम करणारा. केहीमकर एक बाजू मांडायला बसले होते. आमचा समाज प्राचीन आहे, खरा यहुदी आहे, शिकलेला आहे, हे त्यांना जगाला पटवायचं होतं. समाजाचं आगमन त्यांनी इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमाराला नेलं तेही याच तळमळीतून. मला त्या तळमळीबद्दल आदर आहे. पण वंशावळीसाठी वाचताना प्रत्येक विधानाशेजारी मी एक खूण करते: हे लेखकानं स्वतः पाहिलं, हे ऐकलं, की हा त्याचा तर्क? दिवेकरांना टिपूच्या कैदेतून टिपूच्या आईच्या शब्दाखातर सोडलं ही गोष्ट ऐकीव. सिनेगॉग १७९६ चं, ही नोंदलेली बाब. दोन्ही वहीत लिहा, पण वेगळ्या शाईनं.

मोझेस एझिकेल यांचं १९४८ चं पुस्तक आणि बी. जे. इस्राएल यांचे १९८४ मध्ये पुस्तकरूपानं आलेले अभ्यास यानंतर वाचा. बी. जे. इस्राएल जुन्या समजुती तपासून पाहतात, त्यामुळे केहीमकरांशेजारी त्यांचं पुस्तक उघडं ठेवलं की दोघांमधला संवाद ऐकू येतो.

गॅझेटिअर विसरू नका. ब्रिटिश मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये ठाण्याचा खंड १८८२ चा, कुलाब्याचा १८८३ चा, पुण्याचा १८८५ चा. तिन्हींत बेने इस्रायलांवर मजकूर आहे आणि स्कॅन केलेले खंड इंटरनेटवर फुकट वाचता येतात. त्यातला सूर परक्या साहेबाचा आहे, लोकांचं वर्णन वाचताना कधी कधी मन दुखतं. तरी घरं, कपडे, धंदा, नावं यांची त्या काळची नोंद म्हणून ते हवंच. पनवेलचं घराणं असेल तर ठाण्याचा खंड पाहा, कुलाब्याचा नाही, कारण तेव्हा पनवेल ठाण्याच्या वर्णनात येतं.

मराठीत काय आहे, हे लोक विचारतात. पुष्कळ आहे. जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली, पुण्यात १८७४ मध्ये मराठी हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाची पोथी, छापला गेला आणि त्यातल्या चित्रांत नऊवारी नेसलेल्या बायका मात्सा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, लाटताना दिसतात. या पुस्तकांत वंशावळी नाहीत, पण जुन्या मराठी पुस्तकांच्या मागे अनेकदा आश्रय देणाऱ्यांच्या नावांची यादी असते, गावासकट. ती यादी जरूर पाहा. नियतकालिकंही आहेत. रिबेका रूबेन यांनी संपादित केलेलं वार्षिक १९१७ पासून काही वर्षं निघालं, आणि ‘द इस्राएलाइट’ हे मासिक १९१७ ते १९२७ मराठी-इंग्रजीत निघत होतं. परीक्षा पास झालेली मुलं, लग्नं, निधन, वर्गण्या अशा बारीक बातम्या तिथे सापडतात. मोठ्या ग्रंथात न आलेला माणूस पाच रुपयांच्या वर्गणीच्या यादीत मात्र असतो. जुने अंक सहज मिळत नाहीत. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बेने इस्रायलांचं बरंच छापील साहित्य आहे, तिथल्या सूचीत मराठी शीर्षकांचा शोध घ्यावा.

६५७ म्हणजे काय

आता आमच्या ओळीकडे येते, कारण तारीख वाचणं हाताशी असल्याशिवाय दगड आणि केतुबा बोलत नाहीत.

बेने इस्रायलांनी सणांना मराठी नावं दिली होती. नव्याचा सण म्हणजे वर्षारंभ. दारफळणीचा सण म्हणजे प्रायश्चित्ताचा मोठा उपास, यॉम किप्पुर, ज्या दिवशी दारं लावून घेत. बिरड्याचा सण म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस, ज्या दिवशी वालाचं बिरडं केळीच्या पानावर खात. आणि दारफळणीच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. हिब्रू पंचांगात दारफळणी तिश्री महिन्याच्या १० तारखेला, म्हणून शिळा सण ११ तिश्री.

आकडा राहिला. हिब्रू वर्ष लिहिताना हजारचा आकडा बऱ्याचदा गाळतात. ६५७ म्हणजे ५६५७. अशा तीन आकडी वर्षात १२४० मिळवा की इसवी सन येतो: ६५७ आणि १२४० मिळून १८९७. मात्र हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतं, म्हणून वर्षारंभापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला एक कमी करायचा. शिळा सण वर्षारंभानंतर दहाच दिवसांनी येतो, तेव्हा सन १८९६, महिना सप्टेंबर.

दगडावर हे आकडे अक्षरांत असतात. हिब्रूत प्रत्येक अक्षराला किंमत आहे. तावचे ४००, रेशचे २००, नूनचे ५०, झयिनचे ७. ताव-रेश-नून-झयिन अशी चार अक्षरं दिसली की झाले ६५७. हिब्रू भाषा शिकायची गरज नाही, २२ अक्षरं आणि त्यांच्या किमती एका कार्डावर लिहून घ्या आणि कबरस्तानात ते कार्ड खिशात ठेवा. मराठी मजकुरात कधी शक असेल, त्यात ७८ मिळवायचे.

आमच्या घरात कायम सांगितलं जायचं की पणजीचे वडील मुंबईत प्लेगनं गेले. सप्टेंबर १८९६ हाच तो महिना, ज्यात मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला गेला, आणि आमची वस्तीही मांडवीचीच. किती सहज जुळतं! तरीही मी वहीत ‘प्लेग’ लिहिलेलं नाही. ओळीत दिवस आहे, कारण नाही. ‘घरची सांगी: प्लेग’ असं वेगळ्या शाईनं लिहिलं आहे. मात्र या जुळणीचा एक उपयोग झाला. प्लेगच्या वर्षांत मुंबई सोडून लोक गावी पळाले हे ठाऊक असल्यामुळे, मांडवीत न सापडलेली बाकीची माणसं मी गावच्या दप्तरात शोधायला घेतली, आणि तिथे ती निघाली.

पुस्तकाकडून दप्तराकडे

पुस्तकानं गाव आणि काळ दिला की गावाचा कारभार त्या काळी कुणाकडे होता ते पाहा. अलिबाग परिसर १८४० पर्यंत आंग्र्यांकडे, नंतर इंग्रजांच्या कुलाबा जिल्ह्यात. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा हा भाग १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात. ‘रायगड’ हे जिल्ह्याचं नाव १९८१ पासूनचं, जुन्या सूचीत कुलाबाच शोधा.

गावी जमीन किंवा घर असेल तर तलाठ्याकडचे जुने फेरफार आणि वारस नोंदी पाहा. माणूस वारला की वारसांची नावं चढतात, आणि तिथे मुलींची नावंही कधी कधी येतात, जी पुस्तकांत कधीच येत नाहीत. जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, तहसील कार्यालयात असतं. जुनी पानं मोडीत आहेत. मोडी येत नसेल तर वाचणारा माणूस सोबत न्या, फोटोवरून वाचून घेऊ म्हणाल तर अर्धं निसटतं. जातीच्या रकान्यात ‘इस्रायल’, ‘बेने इस्रायल’, ‘यहुदी’ यांबरोबर ‘तेली’ हाही शब्द लक्षात ठेवा. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर हा आणखी एक खात्रीचा कागद.

एका कचेरीत मला तीन वेळा ‘असलं रजिस्टरच नाही’ म्हणून परत पाठवलं. चौथ्या वेळी मी गाव, सर्व्हे नंबर आणि अंदाजे वर्षं लिहिलेला अर्ज घेऊन गेले, तेव्हा तेच रजिस्टर दहा मिनिटांत बाहेर आलं. आजोबांची गोष्ट सांगू नका, नमुना क्रमांक सांगा.

सिनेगॉगांकडे लग्नांच्या आणि मृत्यूंच्या नोंदी असतात. अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन आबोथ, पनवेल, पेण, रेवदंडा, ठाणे इथली सिनेगॉगं, मुंबईतली जुनी आणि नवी मशीद. आधी पत्र पाठवा, शब्बाथ (शनिवारचा विसाव्याचा दिवस) टाळून जा, आणि गबईंना, म्हणजे सिनेगॉगचा कारभार पाहणाऱ्यांना, सांगा की तुम्हाला कुठल्या काळातली कुणाची नोंद हवी आहे. रजिस्टर हाताळताना पान ओलं करून उलटू नका.

कबरस्तानात सकाळी लवकर जा. झिजलेली अक्षरं खडूनं किंवा पिठानं भरू नका, दगड खराब होतो. एक छोटा आरसा न्या आणि उन्हाची तिरीप बाजूनं अक्षरांवर टाका. मला एका दगडावर काहीच दिसत नव्हतं. आरसा हातभर डावीकडे सरकवला, आणि सावल्या उभ्या राहिल्या: वर हिब्रू, खाली मराठी, दोन्हीत एकच बाप. माझ्या वहीतल्या दोन रिकाम्या ओळी त्या सकाळी भरल्या.

चुकीचा पूर्वज

पहिल्या वर्षी मी पुस्तकातला एक अंमलदार आमचा खापरपणजोबा म्हणून लावून टाकला होता. नाव जुळत होतं, आडनाव जुळत होतं, आणि सुभेदार पूर्वज कुणाला नको असतो? नातेवाइकांना फोटोसकट कळवलंही. पुढे केतुबा मिळाला तर त्याच्या बापाचं नाव वेगळं. आमचा माणूस त्याच गावचा, त्याच नावाचा, पण घाणा चालवणारा. तेव्हापासून नियम केला: नाव, बापाचं नाव आणि गाव किंवा काळ, या तीन गोष्टी दोन स्वतंत्र कागदांत जुळल्याशिवाय पुस्तकातला माणूस झाडावर चढवायचा नाही. दोन पुस्तकं म्हणजे दोन पुरावे नव्हेत. नंतरच्या लेखकानं आधीच्यावरूनच घेतलेलं असू शकतं. प्रत्येक नोंदीशेजारी पुस्तक, आवृत्तीचं वर्ष आणि पान लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी आपलीच वही आपल्याला परकी होते.

इस्रायलमधल्या माणसांशी बोलताना

बहुतेक घराण्यांची मोठी फांदी आता दिमोना, अश्दोद, लोद, बेअर शेवा इथे आहे. तिथल्या वयस्कर माणसांशी मराठीत बोला, हिब्रू येत असलं तरी. गावांची आणि सणांची नावं मराठीतच आठवतात. तिकडून निघणारं ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक घरात येतं का, तेही विचारा, त्यावरून पुढची ओळख निघते.

एक गोष्ट मात्र जपून. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयानं बेने इस्रायलांच्या लग्नाआधी त्यांच्या आईचं, आजीचं मूळ तपासायचा हुकूम काढला होता. लोक रस्त्यावर उतरले आणि १९६४ मध्ये ते सर्वार्थानं यहुदी असल्याचं मान्य झालं. त्या पिढीला ‘तुमची आजी कोण, तिची आई कोण’ हा प्रश्न एकदा अपमान म्हणून विचारला गेला आहे. तोच प्रश्न तुम्ही कौतुकानं विचारता आहात, हे आधी सांगा, आणि ऐकू येईल असं सांगा. पुस्तकांतले ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्रायल हे, वंश शुद्ध की मिश्र या समजुतीवरचे, भेदही असेच दुखरे आहेत. एखाद्या जिवंत कुटुंबाला ते शब्द चिकटवून वंशावळीत लिहू नका.

माझ्या दिमोनाच्या मावशीला मी फोनवर आधी पणजीची ओळ वाचून दाखवली, प्रश्न नंतर विचारले. ‘शिळ्या सणाला’ एवढं ऐकल्यावर ती थांबली आणि म्हणाली, आमच्याकडे त्या दिवशी आई कुणालातरी जेवण दिल्याशिवाय स्वतः जेवत नसे, का ते कधी सांगितलं नाही. मी वहीत तिच्या नावाखाली तारीख घातली आणि ते वाक्य तिच्याच शब्दांत उतरवून घेतलं.